बाटलीची बातमी

१४ जुलै २०२५. सोमवार. आषाढ निम्म्यावर आलेला, गटारी दहा दिवसांवर. परमिट रूमच्या धंद्यात हे दिवस सुगीचे. नेमक्या त्या दिवशी राज्यातल्या बारमालकांनी शटरं खाली ओढली. ‘आहार’ या त्यांच्या संघटनेने हाक दिली होती आणि तक्रारी तीन होत्या. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी चढलं, आणि वर उत्पादन शुल्काची ६० टक्के वाढ. बंद परमिट रूमचा होता, वाइन शॉपचा नव्हता, त्यामुळे जनतेचे हाल झाले असं काही म्हणता येत नाही. जनता घरीच बसली आणि बर्फ शेजाऱ्याकडून मागून आणला.

दिवसभर टीव्हीवर आकडे. सरकारचा महसूल किती बुडाला, मालकांचा गल्ला किती बुडाला, पेग कितीने महागणार. एक हिशेब मात्र माझ्या तरी पाहण्यात आला नाही. वेटर, कॅप्टन, तंदूरवाला, मोरीवाला, दारावर सलाम ठोकणारा दरबान, या सगळ्यांना त्या दिवशी एकदम सुट्टी मिळाली. ती पगारी धरली की बिनपगारी? आणि टिपचं काय? वेटरचा पगार गावी जातो, तो स्वतः टिपवर जगतो. एक दिवस शटर खाली म्हणजे त्याचा एक दिवस उपास. त्याला आषाढी एकादशीचं पुण्यही नाही, ती आठवडाभरापूर्वीच होऊन गेली होती.

या धंद्यात बातमी बाटलीची होते. बाटली टेबलावर आणून ठेवणाऱ्याची होत नाही. झालीच तर तो मेल्यावर होते. त्याकडे येऊच.

तर शेठ, आजचं सदर तुमच्यासाठी. नायगावपासून विरारपर्यंत, स्टेशनाजवळच्या परमिट रूमवाल्यांसाठी, हायवेच्या फॅमिली गार्डनवाल्यांसाठी, राजोडी-कळंबच्या रिसॉर्टवाल्यांसाठी. सल्ला फुकट आहे. सोडा वेगळा लागेल.

*

आधी तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. १० जून २०२५ ला मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर उत्पादन मूल्याच्या तिप्पट होता, तो साडेचारपट झाला. देशीवरचा लिटरमागे १८० रुपयांचा २०५ झाला. क्वार्टरची किमान किंमतही ठरली: देशी ८० रुपये, विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. मधल्या जागेत एक नवंच बाळ जन्माला घातलं, ‘महाराष्ट्र मेड लिकर’, धान्यापासूनची, किंमत १४८. मराठी माणसाने उद्योगात यावं म्हणून इतकी वर्षं भाषणं झाली. सरकारने शेवटी मार्ग दाखवला.

अपेक्षित जादा महसूल १४ हजार कोटी. म्हणजे लाडक्या बहिणीला पैसे मिळतात आणि ते भरतो तिचा लाडका भाऊ, कधीकधी तिचाच नवरा. यावर जास्त बोलणं बरं नाही.

आता शेठ, ही वाढ तुम्ही कुठून भरून काढता ते सांगू? पेगचे दर वाढवलेत, ठीक. चखण्यातले दाणे कमी झाले, तेही समजू शकतो, चणे अजून आहेत. पण दुपारी चारला स्टाफ जेवायला बसतो तेव्हा डाळीत ताटाचा तळ दिसतो, तो कोणत्या शासन निर्णयाने? कर सरकारने लावला, वाढप्याने नाही.

*

परमिट रूममध्ये गल्ल्याखालच्या खणात काय असतं? चिल्लर, रबरबँडने बांधलेली जुनी बिलं, एक टॉर्च, अगरबत्तीचा पुडा, आणि परमिटांचं पुस्तक. एक दिवसाचं परमिट, ५ रुपये. वर्षाचं १००, आयुष्यभराचं १०००. महाराष्ट्रात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. परमिटाशिवाय विदेशी दारू पिणं गुन्हा. आणि परमिट मिळतं ते कशासाठी? प्रकृती जपण्यासाठी आणि टिकवण्यासाठी. तसंच लिहिलेलं आहे.

म्हणजे संध्याकाळी साडेसातला वसई स्टेशनसमोरच्या कुठल्याही परमिट रूममध्ये कोपऱ्यात बसून ‘सत्तर सालचं क्रिकेट’ या विषयावर भांडणारे चार जण दिसले, तर ते कायद्याच्या नजरेत रुग्ण आहेत. टेबलावर औषध आहे. वेटर परिचारक आहे. मालक धर्मादाय इस्पितळ चालवतो. असं इस्पितळ, ज्याला व्हॅट लागतो.

विनोद बाजूला ठेवू. या पुस्तकाचा खरा भार वेटरवर असतो. बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. आता कॉलेजची चार पोरं आली. दाढ्या सगळ्यांना. एक म्हणतो बिअर, दुसरा म्हणतो व्हिस्की, तिसरा म्हणतो ‘तू आण रे’. कोण विशीचा आणि कोण पंचविशीचा हे वेटरने कशावरून ओळखायचं? दाढीच्या घनतेवरून? आधार कार्ड मागितलं तर पोरगा उठून म्हणतो, ‘तू मला ओळखत नाहीस.’ वसई-विरारमध्ये हे वाक्य फार चालतं, कारण इथे प्रत्येक जण कुणाचा तरी माणूस असतो. वेटर तेवढा कुणाचाच नसतो.

मग होतं काय, तर वेटर गल्ल्याकडे बघतो. शेठ मोबाइलमध्ये बघतात. व्हिस्की येते. पुढे महिन्याभराने उत्पादन शुल्कवाले दारात उभे राहिले की शेठना अचानक कंठ फुटतो: ‘साहेब, पोराची चूक झाली, नवीन आहे.’ नवीन म्हणजे सहा वर्षं.

सल्ला इतकाच. ज्या दिवशी वेटर वय विचारेल त्या दिवशी तुम्ही गल्ल्यावरून उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. बोलू नका, नुसते उभे राहा. टेबल गेलं तर जाऊ द्या. परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही.

*

१ ऑक्टोबर २०२५ ला शासन निर्णय निघाला की दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही. मद्य देणारी ठिकाणं त्यातून वगळली. बारवाले हिरमुसले, पोहेवाले खूश. पहाटे स्टेशनला धावणाऱ्या माणसाला चहा मिळणं ही विरारची जुनी गरज आहे, तिला सरकारने मान्यता दिली इतकंच.

पण त्या निर्णयात आणखी एक गोष्ट होती, ती तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली नाही. आस्थापना सातही दिवस उघडी राहील, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती द्यायची. सलग. म्हणजे सोमवारी दुपारी दोन तास आणि गुरुवारी ‘जा, केस कापून ये’ असे मिळून चोवीस नव्हेत.

२०१७चा दुकाने व आस्थापना कायदा आधी म्हणत होता, दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा, जादा काम केलं तर दुप्पट मजुरी. ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केले. दिवसाचे ९ चे १० तास, आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर. हे वाचून ज्या मालकांनी कपाळावर आठी घातली असेल त्यांनी एक उत्तर द्यावं: तुमच्याकडे ओव्हरटाइम हा शब्द शेवटचा कधी ऐकू आला होता?

वेटरचा दिवस असा. सकाळी साडेदहाला झाडू, फडकं, मीठ-मिरपूडच्या बाटल्या भरणं. अकरापासून साडेतीनपर्यंत दुपारची गर्दी. मग स्टाफचं जेवण आणि ‘ब्रेक’. हा ब्रेक म्हणजे काय ते बघायचं असेल तर भटारखान्याच्या वरचा माळा बघा. लोखंडी शिडी, वर ताठ उभं राहता येत नाही एवढी उंची. एका बाजूने एक्झॉस्टचा पत्र्याचा डक्ट जातो, त्याला पाठ लागली की चटका बसतो, म्हणून त्याला पुठ्ठा बांधलेला. पत्र्याच्या ट्रंका. एका प्लगला तीन चार्जर. दोरीवर वाळत घातलेले उद्याच्या काळ्या पँट आणि पांढरे शर्ट, त्यांना कांद्याच्या फोडणीचा वास. तिथे दीड-दोन तास पडायचं. सहाला खाली. मग बंद होईपर्यंत, बंद झाल्यावर हिशेब, खुर्च्या टेबलावर, फरशी. आणि माळ्यावर जागा पुरत नसेल तर दोन टेबलं जोडून त्यावर अंथरूण.

रात्री कुणी विचारलं की ‘किती तास काम?’ तर शेठ सांगतात, ‘आठच तास हो, दुपारी झोपतात ना!’

नाताळ आणि थर्टी फर्स्टला सरकार पहाटे ५ पर्यंतची मुभा देतं. वसईत ही मुभा वाया जात नाही. एक तर इथली गावंच्या गावं नाताळात जागी असतात, आणि जी जागी नसतात ती या जागरणाला पाहुणी येतात. २४, २५ आणि ३१ तारखेचं हे तीन रात्रींचं काम कुणाच्या पगारपत्रकात दुप्पट लागलं असेल तर त्या मालकाचा सत्कार मी स्वतः करीन. शाल माझी, श्रीफळ बिलात लावा.

*

३ सप्टेंबरच्या त्याच बदलांमध्ये एक फार गोड गोष्ट आहे. कायद्याच्या या तरतुदी पूर्वी १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होत्या, त्या २० किंवा अधिकवर नेल्या. वीसच्या आतल्यांनी नुसती माहिती द्यायची.

त्यामुळे माझं भाकीत: पुढल्या वर्षी तालुक्यातल्या प्रत्येक परमिट रूममध्ये बरोब्बर १९ कामगार असतील. विसावा शेठचा पुतण्या असेल. एकविसावा ‘गावाहून आलाय, दोन दिवस राहतोय’. बाविसावा सोडेवाल्याचा माणूस. तेविसावा कॅप्टन, पण तो ‘पार्टनरसारखाच’ आहे, पार्टनरशिप डीड तेवढं व्हायचं राहिलंय.

*

टिपचं एक नवं प्रकरण सुरू आहे, त्याकडे कुणाचं लक्ष नाही. पूर्वी बिलाच्या वहीत, बडीशेपेखाली दहा-वीसच्या नोटा राहायच्या. आता गिऱ्हाईक बोटाने स्कॅन करतं. बिल २,३६०, गिऱ्हाईक झोकात २,५०० टाकतं आणि वेटरच्या खांद्यावर थाप मारतं, ‘बाकी तुझे.’ स्पीकरमधली बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगते, पैसे मिळाले. मिळाले कुणाला? शेठच्या चालू खात्याला. ते वरचे १४० रुपये रात्री वेटरला परत मिळतात का, हे त्या बाईला विचारता येत नाही.

शहरातल्या मोठ्या रेस्टॉरंटांची सेवाशुल्कावरची भांडणं कोर्टात गेली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की ते बिलात आपोआप लावायचं नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. आपल्याकडे सेवाशुल्क लावायची कुणाची हिंमत नाही, गिऱ्हाईक खुर्ची उचलेल. पण टिप खात्यात जिरवायला हिंमत लागत नाही, नुसता स्कॅनर लागतो. प्रत्येक वेटरच्या खिशाला त्याचा स्वतःचा क्यूआर लावून द्या, प्रश्न मिटला. मिटवायचा असेल तर.

*

हायवेवाल्यांची गोष्ट वेगळी. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नाही, १ एप्रिल २०१७ पासून. पहिल्या एप्रिललाच लागू, पण थट्टा नव्हती. देशभर काय काय झालं! कुणी रस्त्याचं नाव बदलून घेतलं, कुणी दार मागे काढून गिऱ्हाइकाला प्रदक्षिणा घालायला लावली. मग जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीतल्यांना ही अट नाही.

आपली महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. चार नगर परिषदा आणि ५३ गावं एकत्र करून. महापालिका नको म्हणून गावांनी आंदोलनं केली, मारही खाल्ला, वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. महापालिकेने काय दिलं, हा प्रश्न वसईकर अजूनही टँकरच्या रांगेत विचारतो. हायवेच्या बारवाल्याला मात्र तो कधी पडला नसावा. पाणी नसेल आलं, हद्द तर आली!

टँकरवरून आठवलं. ग्लास धुवायला टँकर, बर्फाला टँकर, आणि बोर्डावर ‘शुद्ध मिनरल वॉटरमध्ये बनवलेलं’. असो. पोट आपलं, परमिट आपलं.

बोर्डांचंही एकदा सांगून टाकतो. २०२२ पासून पाटी मराठीत, देवनागरीत, अक्षर इतर भाषांपेक्षा लहान नको. आणि जिथे मद्य मिळतं तिथे महापुरुषांचं, थोर स्त्रियांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव नको. म्हणजे चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेल्या किल्ल्याच्या नावाने वसईत पोळीभाजी केंद्र चालेल, बार चालणार नाही. किल्ल्याच्या आत संध्याकाळी रिकाम्या बाटल्या सापडतात, त्यांच्यावर कुठलं नाव असावं याबद्दल कायदा गप्प आहे.

*

हॉटेलवाल्याची सर्वात मोठी परीक्षा निवडणुकीत. १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा आदला दिवस, आठवतोय ना? विरारच्या विवांता हॉटेलात भाजपचे विनोद तावडे होते आणि बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी त्यांना घेरलं. पैसे वाटल्याचा आरोप. तावडेंनी तो साफ नाकारला, कार्यकर्त्यांना मतदानाच्या दिवसाची माहिती द्यायला आलो होतो म्हणाले. निवडणूक अधिकाऱ्यांना हॉटेलात ९ लाख ९३ हजारांची रोकड मिळाली. गुन्हे नोंदले गेले. तासन् तास गोंधळ, देशभरचे कॅमेरे, आणि सरतेशेवटी तावडे आणि त्याच आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर, क्षितिज ठाकूर एकाच गाडीतून बाहेर पडले. वसई-विरारच्या राजकारणावर पीएच.डी. करणाऱ्याने एवढं एक दृश्य समजावून सांगितलं तरी पदवी द्यावी.

त्यात एक आरोप हॉटेलच्या सीसीटीव्हीवरही झाला, कॅमेरे बंद होते म्हणून. खरं-खोटं तपास जाणे. पण धंदेवाल्यांनी बोध काय घ्यावा? जानेवारी २०१९ मध्ये डान्सबारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बारमध्ये कॅमेरे सक्तीचे करणारी अट रद्द केली होती, गिऱ्हाइकाच्या खासगीपणाचं कारण देऊन. म्हणजे नाचगाण्याच्या ठिकाणी कॅमेरा असला तर गैरसोय, आणि राजकीय बैठकीच्या ठिकाणी नसला तर बोंब. हॉल बुक करताना आधी विचारून घ्या: कार्यक्रम नाचाचा आहे की मार्गदर्शनाचा?

महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. प्रचारात चिकन बिर्याणीच्या ऑर्डरी, ‘शेठ, आपलंच आहे, निकालानंतर हिशेब करू.’ मतदानाला ड्राय डे, म्हणजे विक्री नाही. निकालानंतर हरलेला फोन उचलत नाही, जिंकलेल्याकडे मागायची सोय नाही. बिर्याणीचे पैसे अॅडव्हान्स घ्या, आणि घ्यायची ताकद नसेल तर देणगी म्हणून लिहा, मनाला बरं वाटतं. फक्त ती देणगी भटारखान्याच्या पगारातून वळती करू नका. वस्तादाने त्या पंधरा दिवसांत रोज पहाटे चारला डेग चढवलेली असते.

*

रिसॉर्टवाल्यांसाठी दोनच शब्द. कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा. सुरूची झाडं, वाळू, पूल, डीजे, माणशी अमुक रुपयांत नाश्ता-जेवण. २०२४च्या जुलैअखेर नवापूरच्या एका रिसॉर्टमध्ये भांडण झालं, ठाण्याचा एक राजकीय पदाधिकारी कोसळून दगावला. मुख्यमंत्र्यांनी आदेश दिले आणि लगोलग रिसॉर्टच्या अनधिकृत बांधकामावर बुलडोझर आला. बेकायदा भिंत दिसायला महापालिकेला चष्मा लागत नाही, मृतदेह लागतो. आणि त्या मृताला वजन लागतं. पूलमध्ये शेजारच्या चाळीतला पोरगा बुडाला तर बुलडोझरला डिझेल मिळत नाही.

पुलाशेजारी शिट्टी देऊन ज्याला उभं केलंय त्याला पोहता येतं का, हे आज घरी जाताना विचारा. तो काल वॉशिंगला होता.

*

आता मघाशी म्हटलं ते, मेल्यावर होणाऱ्या बातमीचं.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या ‘बर्च बाय रोमिओ लेन’ या क्लबला आग लागली. २५ माणसं गेली. पर्यटक ५. बाकीचे २० कर्मचारी. आचारी, हेल्पर, भांडीवाले, सुरक्षारक्षक. झारखंडचे, आसामचे, उत्तराखंडचे, नेपाळचे. कित्येक जण खालच्या भागात, भटारखान्याच्या बाजूला धुरात कोंडले गेले. नाचणारे बाहेर पडले. त्यांच्यासाठी पदार्थ करणारे पडू शकले नाहीत. मालक भाऊ आगीनंतर विमानाने थायलंडला पोचले, त्यांना बाहेर पडायची वाट बरोबर सापडली.

कमला मिलच्या वेळी, २९ डिसेंबर २०१७, १४ जण गेले. तेव्हाही महिनाभर सगळीकडे तपासण्या. आपल्या विरारला तर आगीचं नाव काढायची गरज नाही. २३ एप्रिल २०२१, विजय वल्लभ रुग्णालय, १५ रुग्ण.

महाराष्ट्रात २००६चा अग्निसुरक्षा कायदा आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून फॉर्म ‘बी’ दर जानेवारीत आणि जुलैत भरायचा असतो. तो तुमच्याकडे फ्रेम करून लावलेला असेल, देवाच्या फोटोच्या शेजारी. मी त्याबद्दल विचारत नाही. मी तुमच्या मागच्या दाराबद्दल विचारतो.

प्रत्येक परमिट रूमला मागचं दार असतं. भटारखान्यातून गल्लीत उघडणारं. नकाशात त्याला आपत्कालीन मार्ग लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्याला आतून बिअरच्या रिकाम्या क्रेट लावलेल्या असतात, छातीपर्यंत. त्यावर कांद्याची गोणी. बाजूला सिलिंडर. आणि कडीला कुलूप, कारण स्टाफ मागून बाटल्या पळवतो असा शेठना संशय. कुलपाची चावी कुणाकडे? मॅनेजरकडे. मॅनेजर कुठे राहतो? नालासोपाऱ्यात, आचोळ्याला. रात्री दोनला तो घरी, माळ्यावर आठ जण, शिडी एक, खाली गॅस, दाराला कुलूप. एका क्वार्टरची चोरी वाचवायला किती माणसं कोंडावीत, याचं काही कोष्टक तुमच्या संघटनेकडे आहे का?

१४ जुलैला तुम्ही राज्यभर पुढची शटरं खाली ओढलीत. त्या मानाने मागचं दार उघडणं किरकोळ काम आहे. क्रेट बाहेर, गोणी वर, चावी माळ्यावरच्या माणसाच्या खिशात. वीस मिनिटं लागतील. आज करा, गटारीपर्यंत थांबू नका.

*

शेवटचा कागद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे. प्रत्येक म्हणजे मोरीवाल्यालासुद्धा. एका पानाचं काम आहे: नाव, हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख.

पहिल्याच रकान्याला शेठ अडतील. कारण त्याचं नाव त्यांना माहीत नाही. तो आला तेव्हा आधीच्या पोराला छोटू म्हणायचे, म्हणून हाही छोटू. हुद्दा छोटू, पगार छोटू, गिऱ्हाईकही हाक मारतं छोटू. आधार कार्ड मागवा, त्यावर वडिलांनी ठेवलेलं चांगलं लांबलचक नाव आणि जन्मसाल सापडेल. सालापासून वय मोजा. चाळिशी उलटलेल्या कामगाराची वर्षातून एकदा फुकट वैद्यकीय तपासणी मालकाने करून द्यायची, असंही त्याच संहितांमध्ये आहे.

छोटू त्रेचाळीसचा निघाला तर घाबरू नका. बीपी तुमचंही तपासून घ्या.